मुक्या नायकाचं एक वाक्य

मित्रांनो, मी हाताने फिरवायचा एक जुना प्रोजेक्टर आहे, मुक्या सिनेमाच्या काळातला. हल्ली माझा मुक्काम केडगावात, सुमंत सरांच्या कपाटावर असतो.

सरांचे आजोबा मला बैलगाडीतून शेवगावच्या बाजाराला, गावोगावच्या जत्रांना न्यायचे. तंबूत पडदा ताणायचे, एका हाताने माझं हँडल फिरवायचे आणि पडद्यावरच्या माणसांच्या वतीने स्वतःच बोलायचे. नायकाला जाड आवाज, नायिकेला बारीक. लोक पोट धरून हसायचे. काय दिवस होते ते! मग बोलपट आले आणि मी अडगळीत गेलो.

निवृत्तीनंतर सरांनी मला बाहेर काढलं, तेलपाणी केलं. रिळांपैकी एकच धड उरलं होतं. त्यात एक बावळट नायक फुलं घेऊन नायिकेकडे निघतो आणि वाटेत शेळी ती फुलं फस्त करते. शेवटी नुसते देठ घेऊन तो तिच्यासमोर उभा राहतो आणि काहीतरी बोलतो. काय बोलतो, ते लिहिलेला तुकडा फिल्ममधून केव्हाच तुटून गेला होता.

सरांची पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या शाळेतल्या सत्यशीलाबाई, त्याही एकट्याच, रोज संध्याकाळी पेपर न्यायला यायच्या. सरांना त्या फार आवडायच्या. मला ते कपाटावरूनही दिसायचं, पण सरांच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ! आणि एक दिवस बाईंनी सांगितलं, येत्या सोमवारी त्या कायमच्या श्रीरामपूरला, मुलाकडे चालल्या.

रविवारी दुपारी सरांनी खिडक्यांना चादरी लावल्या आणि बाईंना व शेजारच्या मुक्ताबाईंना सिनेमा दाखवला. आजोबांसारखे सरच सगळ्यांचे आवाज काढत होते. शेळीने धमाल उडवली. मग देठवाला नायक उभा राहिला, त्याचे ओठ हलले आणि सर नुसते पडद्याकडे बघत राहिले. हातही थांबला. मित्रांनो, हँडल थांबलं की दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळते.

“आवं सर, फिरवा की! वास येतुय!” मुक्ताबाई ओरडल्या.

सत्यशीलाबाई उठल्या. त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला आणि हँडल फिरवलं.

“बोला सर,” त्या म्हणाल्या. “तो बिचारा ताटकळलाय.”

पडद्याकडे बघतच सर म्हणाले, “फुलं शेळीने खाल्ली. रिकाम्या हाताने आलोय. पण तुम्ही जाऊ नका.” आवाज जाड काढायचं ते विसरूनच गेले.

पडद्यावर नायिका हसली. आता तिचे ओठ हलले. बाईंनीही आवाज बारीक केला नाही.

“इतकी वर्षं लावलीत, सर? आता मुलाला काय सांगू?”

“म्या सांगते की फोनवर! त्यात काय हाय?” मुक्ताबाई म्हणाल्या.

सोमवारी बाई श्रीरामपूरला गेल्याच, पण सरांना बरोबर घेऊन. दोघांनी मिळून मुलाला सांगितलं.

मित्रांनो, घरात माझ्यासारखं जुनं यंत्र असेल तर त्याला महिन्यातून एकदा तेल द्या, कोरड्या फडक्याने पुसा. एवढीच माझी विनंती. आमच्या घरी हे काम आता सर करत नाहीत. बाई करतात.