शीतगृहाचा मुका भोंगा

लसींच्या शीतगृहाचं दार चार तास सताड उघडं राहिलं, भोंगा वाजलाच नाही, आणि खोलीभर लस फेकून द्यावी लागली. तिथल्या जुन्या प्रोग्रामर ताईंनी गुन्हेगार मनोमन कधीच ठरवला होता. महिन्यापूर्वी कामाला लागलेला चष्मेवाला. भोंग्याचा कोड त्याचाच, आणि तीन दिवस झाले, ताई जवळून गेल्या की हा पडद्यावर काहीतरी झटकन बंद करायचा. पाणी प्यायला उठला तरी ताई घड्याळ पाहत. मनात काळंबेरं नसेल तर माणूस लपवेल कशाला? सकाळीच त्यांनी साहेबांना लेखी तक्रार दिली होती, याने भोंगा मुद्दाम बंद पाडला म्हणून. चार वाजता साहेब त्याला घरी पाठवणार होते.

पुरावा हाताशी असावा म्हणून साडेतीनला त्या त्याचा कोड उघडून बसल्या. कोड साधा होता: आधीचं तापमान ‘लास्ट’ या नावाखाली ठेवायचं, नवं घ्यायचं, दोन अंशांहून जास्त फरक पडला की भोंगा. नवं तापमान घ्यायला त्याने ताईंचाच मॅक्रो वापरला होता. लिस्प या संगणकभाषेतला मॅक्रो म्हणजे हमाली वाचवणारी सोय. तुम्ही एक ओळ लिहायची, तो तिच्या जागी पाच ओळी लिहून ठेवतो. सहा वर्षांत या मॅक्रोला कुणी नावं ठेवली नव्हती, आणि ताईंना त्याचा जरा तोराच होता.

त्यांनी तो उलगडून पाहिला. दुसऱ्याच ओळीत तो नवं तापमान ठेवत होता, तेही ‘लास्ट’मध्येच.

आधीचा आकडा पुसला जायचा, त्यावर नवा बसायचा, फरक शून्य, भोंगा गप्प. आतल्या कामासाठी मॅक्रोने दर वेळी कुणीच न वापरलेलं कोरं नाव तयार करून घ्यायचं असतं. भाषेत त्याची सोयही आहे. मॅक्रो लिहिताना त्यांनी कंटाळा केला होता; सहा वर्षं ‘लास्ट’ हे नाव दुसऱ्या कुणी वापरलं नाही, म्हणून निभावलं.

“तुला माहीत होतं?” त्यांनी मागे वळून विचारलं.

चष्मेवाला उभा राहिला. “परवा सापडलं, ताई.”

“मग बोलला का नाहीस?”

“मॅक्रो तुमचा. तुम्हाला कसं सांगायचं, तेच लिहून खोडत होतो. तुम्ही आलात की बंद करायचो.”

चाराला दहा कमी होते. ताई उठल्या आणि त्यांनी साहेबांच्या केबिनचं दार ढकललं.

“सकाळची तक्रार परत द्या,” त्या म्हणाल्या. “त्याचं नाव काढून माझं घालायचंय.”