यांना सांगा, तिला सांग

संवादाला तीन गोष्टी लागतात: बोलणारा, ऐकणारा आणि दोघांमधलं माध्यम. सरांनी हे फळ्यावर लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. कंपनीत नव्याने लागलेल्यांना ते वर्षानुवर्षं हेच शिकवत आले होते. त्यांच्या स्वतःच्या घरातलं माध्यम म्हातारं झालं होतं आणि त्याला डाव्या कानाने ऐकू येत नसे.

माध्यम म्हणजे सरांची आई. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, यावरून नवराबायकोत अबोला सुरू झाला होता. कपाट पुढे विकलं, अबोला टिकला. जेवायला दोघं समोरासमोर बसत, मध्ये आई.

"आई, यांना सांगा, घर म्हणजे लॉज नाही."

"अरे, तुला उशीर झाला की तिला चैन पडत नाही," आई सांगे.

"तिला सांग, मला भूक नाही."

"अगं, थोडंच वाढ म्हणतोय."

मूळ वाक्य दोघांनाही स्वच्छ ऐकू गेलेलं असे. पण आईच्या तोंडून आल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही, हा घरचा नियम. त्यामुळे थोडं वाढलं जाई आणि सर निमूट संपवत. वर मागूनही घेत, अर्थात आईमार्फत.

"सर, माध्यमच बंद पडलं तर?" मागच्या बाकावरून एकीने विचारलं.

"तर उठून त्या माणसाजवळ जायचं आणि बोलायचं. देवाने तोंड दिलंय ना?"

वर्ग हसला. तेवढ्यात शिपाई दारात आला. "सर, तुमच्या शेजाऱ्यांचा फोन होता. वहिनींनी सांगायला सांगितलंय, आईंना दवाखान्यात नेलंय."

आई डोळे मिटून पडली होती. उजवीकडच्या स्टुलावर बायको, आईचा हात हातात घेऊन. सर डावीकडे बसले, म्हणजे ऐकू न येणाऱ्या कानाशी. नर्स सलाईन बघून गेली. मग बायको हलकेच म्हणाली, "आई, यांना सांगा, तुमचा हात गार पडलाय."

सरांनी ऐकलं आणि सवयीने आईच्या तोंडाकडे बघत थांबले. बायकोही थांबली. निरोप पुढे येईना. येत नाही याचा अर्थ दोघांना एकदमच कळला, तरी नर्सला बोलवायला कुणी उठेना. कोणी जायचं, हे कोणामार्फत ठरवणार?

पुढचे काही दिवस घरात नातेवाईक होते, तोवर निरोप्यांची ददात नव्हती. शेवटी सरांची बहीणही परत गेली. त्या संध्याकाळी दोघंच जेवायला बसले. आईची खुर्ची कुणी हलवली नव्हती. बायकोने सरांपुढे ताट ठेवलं. भाजी त्यांना आवडते तशी, कोरडी होती.

खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "यांना सांगा, आई गेल्यापासून धड जेवले नाहीयेत."

तूही कुठे जेवलीस, असं सरांना म्हणायचं होतं. त्यांनीही खुर्चीकडे पाहिलं.

"तिला सांग, मला भूक नाही."

बायको थोडा वेळ थांबली. सरही थांबले. मग तिने ताट उचललं आणि आत नेलं.

सरांना भूक होती.