ओरडल्यावर सोडायचं असतं

वहाणेचा तुटका पट्टा. एक टोक पिलाच्या दातात, दुसरं मोठ्या नर लांडग्याच्या — चारही पिलांना एकटा पुरून उरेल असा गडी, तरी ओढल्याचं नुसतं सोंग करत होता, मुद्दाम हरत होता. बिराप्पा खडकाआड पोटावर पडून बघत होता. शेजारी धाकटा भाऊ गुंडा, सांगलीहून दोन दिवसांसाठी आलेला, तोंडावर हात धरून हसत होता. म्हसवडच्या याच माळावर बापाच्या मेंढरांमागं दोघांचं लहानपण लांडगे हाकलण्यात गेलेलं, आणि आता पन्नाशी उलटल्यावर त्यांचाच खेळ बघत बसलेले. हसण्यासारखंच होतं म्हणा.

मग नराच्या अंगात काय आलं कोण जाणे, त्यानं पिलाला उताणं पाडलं, मान दातात धरली. पिलू पोट वर करून कळवळलं, एवढुसं कुंई केलं... आणि नरानं सोडलं. तिथल्या तिथं. वर स्वतःच पुढचे पाय पसरून, बूड वर करून त्याच्यापुढं वाकला — ये, खेळू परत.

सोडलं... ओरडल्यावर सोडायचं असतं हे जनावराला कळतं, आणि चौदा वर्षांच्या माझ्यासारख्या घोड्याला कळू नये? चाळीस वर्षांमागं हाच माळ, अशीच खेळातली कुस्ती, गुंडा पाठीवर, त्याचा उजवा हात आपल्या गुडघ्याखाली पिरगळलेला — सोड आण्णा — एकदा, मग पुन्हा, जरा बारीक आवाजात. ऐकलं होतं मी, दोन्ही वेळा. आदल्या दिवशी बापानं धाकट्याला शाबासकी दिली होती, एवढंच निमित्त. कोपरातून कट्‌ आवाज आला तेव्हा कुठं गुडघा उठला. बापाला सांगितलं, खडकावरून पडला. आणि गुंडानं मुकाट्यानं मान डोलावली. हात वाकडा बसला तो बसलाच. पुढं भरतीत सगळ्यांच्या पुढं पळूनही डॉक्टरनं कोपर बघून त्याला बाहेर काढलं, आणि फौजेचा ध्यास घेतलेला पोरगा हळदीच्या गोदामावर राखणदार झाला. त्या हातानं तो बशी उचलायचा तेव्हा बिराप्पा आपली बशी खाली ठेवायचा.

आज सांगून टाकायचं. तो गेल्यावर पुन्हा धीर व्हायचा नाही.

"गुंडा... त्या कुस्तीच्या दिवशी—"

"आता कशाला काढतुयास आण्णा, लय दिस झालं त्येला." गुंडाची नजर पिलांवरच होती. "मी कवाच मनातनं काढून टाकलंय. वारं सुटलं हुतं तवा, तुला ऐकूच आलं न्हाई. आलं आसतं तर तू सोडलंच आसतंस की. एवढं मला ठाव हाय."

वारं? त्या दिवशी गवताची काडी हलत नव्हती. चाळीस वर्षं हा माणूस नसलेल्या वाऱ्याच्या भरवशावर आपल्याला आण्णा म्हणत आला... तेवढंही त्याच्याकडून काढून घ्यायचं?

"व्हय," बिराप्पा म्हणाला, "वारं लय हुतं."

म्हणता म्हणता त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्याला शिसारी आली.