अर्ध्या मिनिटाचा माणूस

अर्ध्या मिनिटाची घंटी वाजली तेव्हा धाकटीच्या कागदावर फक्त एक कान होता. कान मात्र सुरेख उतरला होता. पाळी, आतली वळणं, मागची सावली, सगळं जागच्या जागी. ज्याचा तो कान, तो माणूस चित्रासाठी मंचावर न दिसणारी दोरी दोन्ही हातांनी ओढत उभा होता आणि कागदावर त्याचा बाकी कुठे मागमूस नव्हता.

चित्रवर्गाच्या बाई मागे येऊन थांबल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण कान काय करतोय?"

कान काय करणार? धाकटीनं कागद उलटला. बाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. अर्ध्या मिनिटात माणूस काढायला जाऊ नका, तो काय करतोय ते काढा. आधी मानेपासून टाचेपर्यंत एक लांब रेघ, मग वजन कुठल्या पायावर आहे ते बघा. चेहरा नको, बोटं नकोत, खोडरबर तर नकोच. धाकटीला हे कळत होतं, पण वळत नव्हतं. ती दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची. तिथे केसाएवढा फरक राहिला तर कुणाचा तरी घास अडायचा. चाळिशी ओलांडेपर्यंत हाताला जे वळण लागलं होतं, ते घंटीच्या धाकानं थोडंच मोडणार होतं?

दर शनिवारी ती वर्गातले कागद गुंडाळून खालच्या मजल्यावर ताईकडे जेवायला जायची. ताई हात पुसून कागद उजेडात धरायची आणि हा माणूस आहे की वाळत घातलेली चादर, असं गंभीरपणे विचारायची. भाऊजी बायकोला दटावायचे. चादर म्हणू नकोस, चांगला कोट आहे, म्हणायचे. धाकटी हसायची, पण वर जाऊन ते कागद फाडून टाकायची. एक तरी चित्र असं व्हावं की ताईला थट्टा सुचू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

पुढच्या शनिवारी नेहमीच्या माणसाचा पाय मुरगळला होता. आज नवे गृहस्थ आहेत, बाईंनी सांगितलं, त्यांच्याशी बोलायचं नाही, नाव विचारायचं नाही. पडद्यामागून अर्धी चड्डी आणि बनियन घातलेले भाऊजी बाहेर आले.

धाकटीला आधी वाटलं, भाऊजींसारखं दिसणारं कुणीतरी आहे. भाऊजी या वेळी ऑफिसात असतात. नाकासमोर चालणारा माणूस; सकाळी डबा आणि बॅग घेऊन निघतो, विम्याच्या कागदांपुढे खुर्चीवर बसतो, दिवेलागणीला परत येतो. मग त्यांचीही नजर तिच्यावर पडली. मंचावर ठेवलेला एक पाय तसाच राहिला. क्षणभरानं दुसरा पायही वर आला आणि त्यांनी माळ्यावरून खोकं काढावं तसे हात उंचावले. बाईंनी घंटीची किल्ली फिरवली.

कुठे बघावं हेच तिला कळेना. ताईच्या नवऱ्याकडे, ते असे बनियनवर असताना, टक लावून बघायचं? चेहऱ्याकडे बघण्याची तर सोयच नव्हती. ती चेहरा सोडून बाकी सगळीकडे बघत राहिली. टाच उचललेली होती. कंबर एका बाजूला गेली होती. उजवा हात सरळ वर होता, डावा खांद्याशीच अडत होता. हातातला कोळसा कधी चालायला लागला ते तिला समजलं नाही. घंटी वाजली तेव्हा कागदावर चार-पाच रेघा होत्या आणि त्या रेघांमध्ये एक माणूस होता, हात पुरत नसताना वरचं काहीतरी काढू बघणारा.

बाई आल्या, बराच वेळ थांबल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "हा उभा आहे."

इतक्या महिन्यांत बाई असं पहिल्यांदा बोलल्या होत्या. धाकटीला धड आनंद होईना, धड रडू येईना.

वर्ग सुटल्यावर जिन्यात भाऊजी थांबले होते. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, नेहमीसारखे. ऑफिसला मागेच टाळं लागलं, ते जिन्याकडे बघत म्हणाले. ताईला सांगायचंच आहे, पण आधी काहीतरी धड हाती लागू दे. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू तेवढं..."

"मी काही बघितलं नाही," धाकटी म्हणाली.

दोन तास बघत बसल्यावर हे बोलणं हास्यास्पदच होतं, पण हसलं कुणीच नाही.

कागद ताईला दाखवायचा नाही, असं तिनं वाटेत ठरवलं. मग वाटलं, आजवर कधी लपवला नाही, आजच लपवला तर ती विचारणारच. शिवाय चित्राला नाक नाही, डोळे नाहीत. माझ्या चित्रात कुणाला साधा माणूस ओळखता आलेला नाही, तिथे अमुक एक माणूस कोण ओळखणार? अशी तिनं स्वतःची समजूत घातली. खरं हे होतं की तिला ते चित्र दाखवायचं होतं.

ताई वाटाणे सोलत होती. तिनं हात पुसले, कागद उजेडात धरला. चादर नाही, कोट नाही. तिची नजर रेघांवरून सरकत खांद्याशी आली.

"याचा डावा हात वर जात नाही," ताई म्हणाली.

धाकटीनं कागद घ्यायला हात पुढे केला.

"माझंच चुकलंय ते," ती घाईनं म्हणाली. "मला नाही जमलं नीट."

"नाही गं. बरोबर काढलंयस."

ताईनं कागद पुन्हा नीट गुंडाळून तिच्या हातात दिला आणि ती वाटाण्यांकडे वळली. थोड्या वेळानं भाऊजी आले. जेवताना त्यांनी साहेबांनी आज कुणाला कसं झापलं ते रंगवून सांगितलं. ताईनं वाढता वाढता, मग तो काय म्हणाला, असं विचारलंसुद्धा. ताईला कळलं की नाही? कळलं असेल तर ही विचारते कशी? आणि नसेल कळलं, तर आज थट्टा का नाही केली? धाकटीला कशाचा कशाला मेळ लागेना.

पुढच्या शनिवारी वर्गाच्या दाराशीच मालिशच्या तेलाचा वास आला. भाऊजी तिची वाट बघत होते, आणि तिच्याहून जास्त गोंधळलेले होते.

"तू तिला काही बोललीस?"

"नाही. शप्पथ."

"मग सकाळी तिनं खांद्याला तेल का चोळून दिलं? मी काही म्हटलंसुद्धा नव्हतं." ते थांबले. "आणि डबा देताना म्हणाली, दिवसभर उभं राहून अंग आखडतं, मध्ये मध्ये बसत जा."

"मग?"

"अगं, मी खुर्चीवर बसणारा माणूस. मला असं का म्हणेल ती?"

धाकटीच्या ओठांवर आलं होतं, पण ते सांगणं तिचं नव्हतं. ती आत गेली. कोपऱ्यातली लाकडी खुर्ची तिनं उचलली आणि मंचाच्या मधोमध नेऊन ठेवली. बाईंनी भुवई उंचावली, पण काही विचारलं नाही.

भाऊजी पडद्यामागून आले आणि खुर्ची बघून थबकले. मग त्यांनी धाकटीकडे बघितलं, मग पुन्हा खुर्चीकडे. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात टेकला, तो डावा हात होता. मग ते हळूच बसले.

बाईंनी किल्ली फिरवली. सगळ्यांचे कोळसे कागदावर खरखरू लागले. धाकटीनं या वेळी चेहऱ्याकडे बघितलं, ताईचं म्हणणं त्यांना आता कुठे उमगत होतं, आणि घंटी वाजेपर्यंत तिच्या कागदावर एकही रेघ उमटली नाही.