माती न पाहिलेला जनाजा

मित्रांनो, मी एक जुना जनाजा आहे. दचकू नका. मृत माणसाला खांद्यावरून न्यायची लाकडी चौकट, एवढेच माझे रूप. जर्मनीतल्या एका खाणगावात, तुर्की लोकांच्या मशिदीच्या अंगणात मी राहतो.

मला दुरमुश आजोबांनी घडवले. ते कोळशाच्या खाणीत छताला टेकू लावत. त्याच टेकूंच्या लाकडाचा मी झालो. या लाकडाचा एक गुण आहे. भार असह्य झाला की मोडण्याआधी ते करकरते आणि माणसांना पळायला वेळ देते.

मी पुष्कळ राबलो. "दुरमुशचा हात! एक सांधा हललेला नाही," असे लोक म्हणत. पण माझी वाट फाटकापर्यंतच. तिथे मृताला जस्ताच्या पेटीत ठेवत आणि गाडी विमानतळाकडे वळे. दफन तिकडे, तुर्कस्तानातल्या गावी. मी कबर कधी पाहिलीच नव्हती.

एके सकाळी खुद्द दुरमुश आजोबांनाच माझ्यावर निजवले. शेजारी त्यांचा मुलगा रेजेप आणि नात सेवदे उभे होते.

"विमान दुपारचं आहे. आता तमाशा नको," रेजेप दबक्या आवाजात म्हणाला.

"आजोबा म्हणायचे, जिथे तू, तिथे मी. त्यांना इथेच पुरू या," सेवदे म्हणाली.

"म्हातारं माणूस लाडात बोलतं गं. इथे कबरसुद्धा भाड्याची. मुदत संपली की उकरतात."

"मुदत मी वाढवीन. मी कुठे जाणार आहे?"

"आपलं गाव तिकडे आहे, सेवदे."

"तिकडे पोरी मला 'जर्मनवाली' म्हणतात. इथे वर्गात मी 'तुर्की'. बाबा, मी नक्की कुणाची?"

रेजेप नमाजाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

नमाजानंतर एक रीत असते, मृताकडे कोणाचे काही येणे राहू नये म्हणून. इमाम तीनदा विचारतात, "मृतावरचा तुमचा हक्क माफ केलात का?" सगळे म्हणतात, "केला!" दुसरे उत्तर मी कधी ऐकले नव्हते.

पहिल्यांदा "केला!" दुसऱ्यांदा "केला!" तिसऱ्यांदा मागच्या बायकांच्या रांगेतून आवाज आला, "मी नाही केला."

सगळ्या माना सेवदेकडे वळल्या.

"नात आहे की वैरीण?" कोणीतरी पुटपुटले.

इमामांनी हात वर केला. "पोरी, काय बाकी आहे तुझं?"

"ते दर शुक्रवारी मला न्यायला शाळेत यायचे. पायी. तसंच मला त्यांच्याकडे जाता आलं पाहिजे. एवढाच माझा हक्क आहे."

इमाम रेजेपकडे वळले. "बापाचं देणं मुलानं फेडायचं असतं. बोल."

रेजेपने माझा दांडा घट्ट धरला. मी करकरलो. गाडीचे इंजिन चालूच होते. वडिलांनी जुळवलेल्या सांध्यावर त्याचा अंगठा कितीतरी वेळ फिरत राहिला.

"गाडी बंद करा," तो अखेर म्हणाला.

सेवदे पुढे आली. "केला," ती म्हणाली, "माफ केला."

नगरपालिकेची परवानगी यायला दोन दिवस गेले. मग आजोबांना घेऊन मी पहिल्यांदा फाटकाबाहेर पडलो, रेजेपच्या खांद्यावर. गावच्या दफनभूमीत ओली, काळसर माती होती. या मातीखाली आजोबांनी आयुष्य काढले होते.

आता शुक्रवारी सेवदे त्यांच्याकडे पायी जाते. वाटेत कधीकधी माझ्या दांड्यांना तेल लावते.

मित्रांनो, मला रंगरंगोटी नको. पण ज्याला सगळे "तू मूळचा कुठला?" म्हणून छेडतात, असा कोणी तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. माझे लाकूड मोडण्याआधी करकरते. माणसे पुष्कळदा तेवढाही आवाज करत नाहीत.