प्यूजोचं गरम बॉनेट

जुनी गाडी विकत घ्यायला आलेल्या यतीनने आल्या आल्या चहाला नाही म्हटलं आणि थेट गॅरेज गाठलं, तशी नीलांबरी घाईने त्याच्या मागे गेली.

अमेरिकेतलं, बॉथेल गावातलं घर विकून ती आणि तिचा नवरा हेमचंद्र अपार्टमेंटमध्ये राहायला निघाले होते. तिथे दोनच गाड्यांची जागा. एक रोजच्या टोयोटाची. म्हणजे गॅरेजमधल्या दोन छोट्या फ्रेंच गाड्यांपैकी एकच सोबत येणार: सत्त्याहत्तर सालची रेनो फाइव्ह अल्पाइन, नाहीतर एकोणऐंशीची प्यूजो १०४. पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय असली गाडी अमेरिकेत आणता येत नाही, म्हणून हेमचंद्रने दोघींची वर्षं बोटांवर मोजली होती. आणि आता हाच माणूस त्या पोराला म्हणत होता, "तुला आवडेल ती घे. दोन्ही त्र्याण्णव हॉर्सपॉवर. मला दोघी सारख्याच."

नीलांबरीला सारख्या नव्हत्या. "तुला गिअरची गाडी जमायची नाही," असं हेमचंद्र म्हणाला होता. त्यानंतर तीन वर्षं, दर बुधवारी, तो ऑफिसला गेला की ती रेनो घेऊन चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जायची. कोणी शिकवलं नाही. गाडीच शिकवत गेली.

"रेनोचा डाव्या-उजव्या बाजूचा व्हीलबेस वेगळा ना, काका?"

"हो, पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात तीस मिलिमीटरचा फरक. पण वळणावर बघ कशी चिकटून जाते! प्यूजो जास्त चपळ. तिचा गिअरबॉक्स इंजिनच्या पोटात, दोघांना तेल एकच. जरा कण्हते, एवढंच."

"कण्हत बिण्हत नाही काही," नीलांबरी मध्येच म्हणाली. "गोड आवाज आहे तिचा."

हेमचंद्रने चमकून पाहिलं. या बाईने गाडीच्या आवाजाबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता.

यतीनने रेनोच्या बॉनेटवर तळवा ठेवला. थंड. मग प्यूजोच्या. त्याने हात झटकन उचलला.

"काका, ही गरम आहे."

"शक्यच नाही."

"सकाळी थंड इंजिन नीट स्टार्ट होत नसेल, तर लोक आधीच गरम करून ठेवतात." त्याचा आवाज बदलला होता. "सॉरी काका, पण मग मी रेनोच घेतो."

"मी खोटारडा आहे का रे?" हेमचंद्रच्या मानेची शीर ताठ झाली. "हात नाही लावला मी तिला!"

"मग कोणी लावला?"

गॅरेजमध्ये तिघंच होते. नीलांबरीने पदर नसताना खांद्यावरून हात फिरवला.

"मी. वीस मिनिटं चालू ठेवली. पाहुणा यायच्या आधी पोळ्या नाही का गरम करून ठेवत, तशी. ती तुला आवडावी म्हणून." तिने हेमचंद्रकडे पाहिलं नाही. "रेनो मला हवीय. मी चालवते ती. तीन वर्षं."

हेमचंद्रचं तोंड उघडं राहिलं. "क्लच?"

"अजून पहिलाच आहे. तुम्हीच तर परवा कौतुक करत होतात."

यतीन खाली बघून हसू दाबत होता. "काकू, ती गार व्हायला तीन-चार तास लागतील. मी थांबतो. थंड स्टार्ट झाली तर प्यूजो घेतो."

"आणि नाही झाली तर?" नीलांबरीने विचारलं.

यतीनने रेनोकडे पाहिलं.

हेमचंद्र भिंतीपाशी गेला. खिळ्यावरची रेनोची किल्ली काढून त्याने नीलांबरीच्या हातात ठेवली, आणि यतीनकडे वळून म्हणाला, "नाही झाली तर जेवून जा."