तापवून ठेवलेली गाडी

जुनी गाडी विकणाऱ्या माणसाइतका गोड माणूस शोधून सापडणार नाही. तो तुम्हाला बसायला खुर्ची देतो, पंखा लावतो, तुमच्या मुलाबाळांची चौकशी करतो. फक्त गाडीच्या दुखण्याचा विषय आला की त्याची वाचा बसते. या वाचा बसण्याला आपण सगळ्यांनी मिळून ‘व्यवहार’ असं नाव ठेवलं आहे. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, म्हणजे झाला व्यवहार! या शब्दाची मला मनापासून चीड आहे, आणि ती का, हे सांगण्यासाठीच ही गोष्ट.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने अशाच एका गोड माणसाकडून गाडी घेतली. दुकानदार सरळमार्गी, पण नाकावर राग. घरी त्याची म्हातारी आत्या त्याला ‘भडकू’ म्हणायची. आत्या शाळेत मुख्याध्यापिका होती. आता तिला कमी ऐकू येई, मात्र बोलणं काही कमी झालं नव्हतं. तिचे गुडघे धरले होते, स्कूटरवर मागे बसणं जमत नव्हतं, म्हणून गाडीचा घाट घातलेला.

विकणारा होता एक निवृत्त साहेब, कडक इस्त्रीचा. दुकानदाराची एक सवय होती. कुणाच्या दारात न सांगता जायचं नाही. गाडी बघायला जाताना तो प्रत्येक वेळी आधी फोन करी, “निघालोय हं, पोचतोच.” आणि प्रत्येक वेळी गाडी अशी सुरू होई की इंजिन चालू आहे की बंद हेही कळू नये. दुकानदार आणि त्याची बायको खूश झाले आणि गाडी त्यांच्या दारात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने किल्ली फिरवली आणि पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी गदागदा हलवावेत तसा आवाज सुरू झाला. बायको हातातलं काम टाकून बाहेर आली. पाठोपाठ आत्या आली.

“काय रे वाजतंय एवढं? मलासुद्धा ऐकू आलं, म्हणजे बघ.”

थोड्या वेळाने आवाज आपोआप थांबला. पण रोज सकाळी तेच. शेजाऱ्यांनी आपापलं शहाणपण पाजळलं. एकाने सांगितलं इंजिनाचा पट्टा बदला, तो बदलला. आवाज जागच्या जागी. गॅरेजमध्ये न्यावी, तर तिथे पोचेपर्यंत इंजिन तापून एकदम शहाणं झालेलं.

“आवाज कुठंय, शेठ?” मेकॅनिक म्हणाला. “मला तर काहीच ऐकू येत नाही.”

दुखणं डॉक्टरच्या दारात पळून जातं, तसलाच प्रकार. शेवटी गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली. सकाळी गार इंजिन चालू केलं, तेव्हा मेकॅनिकच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या एका बाजूला टेकवलं आणि मुठीला कान लावला. मग इंजिन बंद करून वरचं झाकण उतरवलं आणि आतली चेन बोटाने उचलून दाखवली. ती चांगलीच सैल होती.

“टायमिंग चेन आहे ही. हिला ताण देणारा भाग कामातून गेलाय, हिला आधार देणारी पट्टीही तुटलीये. गाडी रात्रभर उभी राहिली की तिथलं ऑइल खाली उतरतं, म्हणून सकाळी बोंबलते. ऑइल चढलं की गप्प.”

“धोका काय?”

“एक दिवस चेन चाकाचे दात सोडेल. मग इंजिन चालत्या रस्त्यात जागच्या जागी बंद. मागून ट्रक येत असला तर बघायलाच नको. आणि हे काही आजचं दुखणं नाही हो. आधीचा मालक काय रोज सकाळी बहिरा होत होता?”

दुकानदार तडक साहेबांच्या घरी गेला. तो ओरडला, टेबलावर हात आपटला. साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, “तुम्ही विचारलं नाहीत.”

“विचारलं नाही? अहो, आवाज ऐकूच आला नाही तर विचारणार काय? तुम्ही गाडी तापवून ठेवत होतात!”

“येण्याआधी फोन तुम्हीच करत होतात. व्यवहारात माणसाने डोळे उघडे ठेवावेत.”

सभ्यपणाने केलेल्या फोनचा असा उपयोग झाला होता. दुकानदार रागाने लालबुंद होऊन परतला आणि पुढचे कित्येक दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही. दुरुस्तीला इंजिनाचा पुढचा सगळा भाग उतरवावा लागणार होता. घराला रंग द्यायला साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं.

“नाहीतर विकून मोकळे व्हा,” मेकॅनिकने सुचवलं. “गिऱ्हाईक यायच्या आधी जरा चालू ठेवायची. सगळे तेच करतात.”

सगळे तेच करतात! आपल्यातल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी उशाला घेऊन झोप काढली आहे. आपल्या भडकूनेही काढली. त्याने गाडी विकायची असल्याची चिठ्ठी दुकानात लावली.

फोन आला तो तलावावर मुलींना पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा. “निघाले हं मी, पोचतेच.”

दुकानदाराने फोन ठेवला, बाहेर जाऊन गाडीत बसला आणि किल्ली फिरवली. खिळ्यांचा डबा वाजू लागला. पायरीवर बसलेली आत्या काठी टेकत आली आणि तिने बॉनेटवर हात ठेवला.

“कुठं निघालास?”

“कुठं नाही.”

“मग चालू कशाला केलीस?”

आवाज हळूहळू थांबला. आत्याला सगळं समजलं.

“भडकू, बंद कर ती.”

“का बंद करू? मला फसवलं त्या माणसाने! तोटा मीच का सोसायचा?”

“त्याने फसवलं तर त्याच्या मानगुटीवर बस. या बाईंनी तुझं काय घोडं मारलंय?”

“त्यांनी विचारलं तर सांगेन मी.”

“असं?” आत्याचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. “गिऱ्हाईक मुदत विचारत नाही, म्हणून मुदत संपलेली बाटली देतोस का दुकानात? मागे एक जण तसली खोकी घेऊन आला, तर त्याला रस्त्यापर्यंत हाकलत नेलंस. तेव्हा मला वाटलं, पोरगं माझ्या भावाचं शोभतं. आणि आज त्या इस्त्रीवाल्याचं वाक्य तुझ्या तोंडातून येतंय. त्याच्यावर एवढा चिडलास ना? मग त्याच्यासारखाच कशाला होतोस?”

तेवढ्यात फाटक वाजलं. बाई आल्या. गाडीत बसून एक चक्कर मारून आल्या, चेहरा फुललेला.

“छान आहे हो गाडी. डोंगरापलीकडे स्पर्धा आहेत, मुलींना घेऊन जायचंय. मला यातलं काही कळत नाही, पण तुमचं दुकान माहीत आहे. म्हटलं, तिथे फसवणूक व्हायची नाही.”

त्या पर्स उघडू लागल्या. दुकानदाराने आत्याकडे पाहिलं. आत्या आता एक शब्द बोलत नव्हती.

“थांबा,” तो म्हणाला. “ही गाडी मी तुम्ही यायच्या आधी तापवून ठेवली. गार असताना इंजिन वाजतं. चेन सैल आहे. डोंगराच्या रस्त्यावर मध्येच बंद पडू शकते.”

वाचकहो, इथे बाईंनी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर ते विसरा. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“मुली बसणार होत्या यात. दुसऱ्यांच्या मुली! मी चक्कर मारायला निघाले तेव्हा का नाही बोललात?”

बाई तशाच निघून गेल्या. त्या चिडल्या ते योग्यच झालं.

दुकानदाराने गाडी दुरुस्तीला टाकली. नवी चेन, नव्या पट्ट्या, ताण देणारा भाग, सगळं नवं. घराच्या भिंती तशाच राहिल्या. जुनी चेन आणि पट्टीचे तुकडे कागदात बांधून तो साहेबांकडे गेला आणि त्यांच्या टेबलावर पुडकं सोडलं.

“हे तुमचं. तुम्ही सांगायचं विसरलात आणि मी विचारायचं.”

साहेब काही बोलणार, इतक्यात त्यांची बायको डोकावली. “अगबाई, रोज सकाळी वाजायचं ते हेच का हो?”

साहेबांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. या वेळी ते उलटं धरलेलं होतं.

दुरुस्तीने घराचं गणित विस्कटलं होतं, त्यामुळे गाडी विकणं भाग होतं. दुकानदाराने बाईंना निरोप पाठवला, ‘एकदा सकाळी या, न सांगता.’ बरेच दिवस त्या आल्या नाहीत. मग एका सकाळी तो दात घासत असताना फाटक वाजलं. बाई आधी बॉनेटपाशी गेल्या आणि त्यावर तळहात ठेवला. बॉनेट गार होतं. मग हात पुढे करून त्यांनी स्वतः किल्ली मागितली. गाडी सुरू झाली. आवाज नाही. त्या बराच वेळ कान देऊन बसल्या.

सौदा ठरला. दुरुस्तीचा सगळा खर्च काही निघाला नाही. आत्या पुन्हा रिक्षा शोधू लागली, आणि कुरकुरतही होती, कारण शहाणपण सांगणाऱ्यालाही गुडघे असतात.

मित्रहो, फसवणूक आपल्यापर्यंत येते ती कुणीतरी पुढे ढकलली म्हणून. ज्याच्या हाती येते तो म्हणतो, मी काय, मी फक्त पुढे दिली. जो चिडतो आणि तरीही ती पुढे देत नाही, तोटा गिळून आपल्यापाशीच थांबवतो, त्याच्या दारातच ती संपते. दुसऱ्याच्या खोटेपणावर चिडणं सोपं आहे. तो राग स्वतःच्या हातातल्या किल्लीपर्यंत पोचला, तरच त्याला किंमत आहे.

बाई गाडी घेऊन निघाल्या तेव्हा दुकानदार खिडकीपाशी वाकला.

“तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो,” तो म्हणाला. “मागची डावी काच अर्ध्यावर अडकते.”